प्रोसेसर 'व्होल्टेज खातो' म्हणणं बरोबर आहे का?

माझा जुना डेस्कटॉप उन्हाळ्यात व्हिडिओ एडिट करताना मधेच रखडायला लागतो म्हणून रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने साइडचा पत्रा काढला, प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या हीटसिंकला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं, म्हणाला "हा व्होल्टेज जास्त खातोय, म्हणून तापतोय". मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरचं व्होल्टेज १.३० चं १.१५ केलं, क्लॉकला, म्हणजे गिगाहर्ट्झच्या आकड्याला, हातही लावला नाही, आणि आता चार दिवस झाले मशीन नीट चालतंय, स्पीड तोच आहे. मला प्रश्न पडलाय तो शब्दाचा. गिझर लाईट खातो, फोन बॅटरी खातो हे आपण सगळेच म्हणतो, पण व्होल्टेज 'खातात' का? आणि क्लॉक स्पीडला एका ठिकाणी 'घड्याळाचा वेग' वाचलं, डोक्याला हात लावला. चांगला शब्द आहे का कुणाकडे?

*

खात नाहीत हो. व्होल्टेज द्यायचं असतं, करंट ओढला जातो आणि खाल्ले जातात ते वॅट. गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा, टाकी किती उंचावर आहे ते व्होल्टेज, नळातून किती पाणी जातंय तो करंट. टाकीची उंची कोण खाणार? शाळेच्या पुस्तकात विभवांतर असायचं पण आमचा वायरमन आयुष्यात ते बोलणार नाही, तो 'दाब' म्हणतो आणि तो शब्द मला जास्त आवडतो.

जाता जाता एक गंमत. प्रोसेसर ६५ वॅट खात असेल आणि दाब १.३ व्होल्ट असेल तर भागाकार करून बघा, ५० अँपियर येतात. घरातल्या गिझरच्या जाड प्लगवर १६ लिहिलेलं असतं! म्हणून तर मदरबोर्डवर प्रोसेसरच्या अगदी कडेला ती कॉइल आणि कपॅसिटरची रांग असते, १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट तिथेच करायचे, कारण एवढा करंट लांबून आणायचा तर वायर मनगटाएवढी लागेल (बरं, करंगळीएवढी).

*

रिपेअरवाला शब्दात चुकला पण कामात नाही चुकला. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला आतले बारीक बारीक कप्पे विजेने भरतात आणि रिकामे होतात. दाब वाढवला की बादली जास्त भरते, आणि वर ती जास्त उंचावरून ओतली जाते, म्हणजे दोनदा फटका. त्यामुळे उष्णता दाबाच्या वर्गात वाढते, ठोक्यांच्या मात्र सरळ पटीत. १.१५ चा वर्ग भागिले १.३० चा वर्ग साधारण ०.७८, म्हणजे स्पीड तेवढाच ठेवून बावीस टक्के उष्णता गेली. नुसता क्लॉक कमी करून हेच करायचं असतं तर स्पीडही बावीस टक्के गेला असता.

शिवाय 'गळती' हा शब्द यादीत घ्या. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीकसा स्विच, बंद असला तरी थोडा करंट पाझरतोच, ठोका पडो न पडो, आणि चिप जितकी तापेल तितकी गळती वाढते.

*

वर कुणीतरी सहज 'ठोका' लिहून गेलंय, अहो तोच शब्द पाहिजे! वारंवारता बरोबर आहे पण तोंडात बसत नाही, आणि 'वेग' तर चुकीचाच, इथे काहीच कुठे धावत नाहीये. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके, छातीचे ठोके वाढतात तसे याचेही वाढतात, लगेच कळतं.

आता ठोके आणि दाब एकमेकांना का चिकटलेत तर ठोके जवळजवळ आले की ट्रान्झिस्टरला पालटायला वेळ कमी मिळतो, दाब वाढवला तर तो झटकन पालटतो, नाहीतर उत्तर चुकतं आणि मशीन बसतं. म्हणून ठोके वाढवायला गेलं की दाबही वाढवावा लागतो आणि मग वर्गाच्या हिशोबाने धग येते. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरचं तेच झालं, ३.८ पर्यंत रेटला आणि ४ गिगाहर्ट्झवाला इंटेलने २००४ मध्ये रद्दच केला, मग एकच कोअर (चिपमधला हिशोब करणारा भाग) पळवत नेण्यापेक्षा दोन-चार कोअर टाकायला लागले. धागाकर्त्यांचं १.१५ वर चाललंय कारण कंपनी सगळ्या चिपांना पुरेल एवढा दाब आधीच जास्तीचा देऊन ठेवते. पण चार दिवसांवर जाऊ नका, एखादा मोठा व्हिडिओ रेंडरला लावून बघा.

*

माझा आक्षेप 'तापतो' वर आहे. उष्णता वेगळी, तापमान वेगळं, आणि 'गरम' मध्ये आपण दोन्ही कोंबतो. परवा मित्र म्हणाला प्रोसेसरवर मोठा कूलर लावतो म्हणजे रूम पण गार राहील. अरे कशी राहील, प्रोसेसरने खाल्लेल्या ६५ वॅटची उष्णताच होणार, मोठ्या कूलरने चिपचं तापमान ९० चं ६५ होईल पण खोलीत येणारी उष्णता तेवढीच. मराठीत याला किती छान शब्द पडून आहेत बघा, हीटसिंकला बोट लावलं तर चटका, मागच्या फॅनमधून येते ती झळ, कॅबिनेटजवळ पाय नेला की धग, आणि थंडीत मांडीवर लॅपटॉप असेल तर ऊब. हे सगळं सोडून लोक 'हीट मारतो' म्हणतात.

*

धन्यवाद सगळ्यांना, दाब देतात, करंट ओढतो, वॅट खातो, लिहून ठेवलं. एकच राहिलं, फार तापला की तो आपणहून ठोके कमी करतो ते थ्रॉटलिंग, म्हणजे माझं मशीन रखडत होतं ते. त्याला काय म्हणू? 'हात आखडता घेतो' सुचलं.

*

हात आखडता पैशाच्या बाबतीत घेतात. हा चढावर थांबलेल्या माणसासारखा दम खातो.

*

म्हणजे शेवटी खातोच.