मदत हवी आहे: आरामासाठी सेडान की क्रॉसओव्हर? शनिवारपर्यंत ठरवायचंय

रानजाई (मंगळवार, रात्री ९:४०)
दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह झाली आहे, बजेटमध्ये दोन्ही बसतात, शनिवारी ऑफरची मुदत संपते. घरात क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्याच बांधणीची उंच गाडी, जवळजवळ ठरली होती. पण चालवून पाहिली तर ती सेडानपेक्षा जास्त आदळली! उंच गाडी खड्ड्यांत आरामदायी असते असं सगळे सांगतात, मग मला उलट का वाटलं? घरच्यांना प्रवासाचा त्रास होतो, त्यामुळे आराम हाच पहिला मुद्दा. मायलेज, रंग, सनरूफ यावर चर्चा नको. कृपया सरळ उत्तर द्या.

वळणवेडा (रात्री ९:५८)
सेडान. तुम्हाला जे वाटलं ते बरोबरच वाटलं.

उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. ते कलणं आवरायचं तर कंपनीला स्प्रिंग कडक करावी लागते, नाहीतर जाड अँटी-रोल बार टाकावा लागतो. हा बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो. तो जितका कडक, तितका एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि गाडी आडवी हिंदकळते. त्यात तुम्ही बसलेल्याही उंचावर, म्हणून डोकं आणखी हलतं. सेडानला मुळात कमी कलायचं असतं, त्यामुळे तिची स्प्रिंग मऊ ठेवली तरी चालते.

उंच_आसन (रात्री १०:१०)
अर्धीच गोष्ट सांगितलीत. क्रॉसओव्हरमध्ये चाकाला वर-खाली व्हायला सहसा जास्त जागा असते. मोठ्या खड्ड्यात सेडानचं सस्पेन्शन टोकाला जाऊन ठोकर देतं तिथे क्रॉसओव्हर निभावून नेते. मी ११ वर्षं सेडान चालवली, आता ४ वर्षं क्रॉसओव्हर. परत खाली बसायची इच्छा नाही.

चौथा_गिअर (रात्री १०:२२)
रानजाई, माहिती फारच कमी दिली आहे. कुठली मॉडेल्स, कुठली व्हेरियंट, दोन्हींचे टायर कुठल्या आकाराचे? रस्ता एकच होता का? गाडीत किती जण होते, आणि तुम्ही कुठे बसला होतात?

रानजाई (रात्री १०:४१)
मॉडेलची नावं मुद्दाम दिली नाहीत, नाहीतर कंपन्यांवरून भांडणं सुरू होतील. चालवत मीच होते, शेजारी सेल्समन. रस्ता साधारण सारखाच. टायरचा आकार नाही पाहिला. त्याने एवढा काय फरक पडतो? टायर टायरच ना.

चौथा_गिअर (रात्री १०:५५)
खूप फरक पडतो. खड्डा आधी टायरच्या रबरी भिंतीला लागतो, मग सस्पेन्शनला. टायरवर '१९५/६५ आर १५' असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. रिम मोठं झालं की भिंत बारीक होते. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा टॉप व्हेरियंट देतात, म्हणजे सगळ्यात मोठं रिम. उद्या दोन्ही गाड्यांचे आकडे मागवा.

डोंगरवाट (रात्री ११:०५)
फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, असलेलीच घ्या. चिखलात, उतारावर, पावसात जी पकड मिळते ती दोनच चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला कधीच मिळणार नाही. मी स्वतः तीन वेळा अडकलेल्या गाड्या ओढून काढल्या आहेत.

वळणवेडा (रात्री ११:१२)
डोंगरवाट, त्यांनी आरामाबद्दल विचारलंय. शिवाय फोर व्हील ड्राइव्हने गाडी सुटायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक लागतात ते चारही चाकांना, दोन्ही प्रकारांत.

डोंगरवाट (रात्री ११:२०)
अडकल्याशिवाय किंमत कळत नाही.

उंच_आसन (बुधवार, सकाळी ७:३०)
उंच गाडी म्हणजे अस्थिर असा समज पसरू नये म्हणून लिहितो. बरेच जण जुन्या, वेगळ्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेल्या एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवतात. क्रॉसओव्हर कारच्याच पद्धतीने बांधतात, चॅसी आणि बॉडी एकसंध. १९९४ साली टोयोटाची आरएव्ही४ आली, ती मोटारीचेच भाग वापरून केली होती.

वळणवेडा (सकाळी ८:०५)
बांधणी मोटारीची झाली तरी भौतिकशास्त्र बदलत नाही. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर निम्मं करा आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. अमेरिकेची रस्तासुरक्षा यंत्रणा उलटण्याचा धोका जोखताना हाच आकडा धरते. मोटारींचा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्ही वर्गाचा १.० ते १.३. १९९७ साली स्वीडनमधल्या एका नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीज ए-क्लास अचानक डावी-उजवी वळवल्यावर उलटली होती, आठवतं का?

उंच_आसन (सकाळी ८:३१)
आठवतं. ती क्रॉसओव्हर नव्हती, उंच हॅचबॅक होती. त्यानंतर कंपनीने सस्पेन्शन बदललं, सगळ्या ए-क्लासना ईएसपी दिलं (गाडी घसरायला लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा), आणि पुढे हे तंत्र छोट्या गाड्यांमध्येही सर्रास आलं. आजच्या क्रॉसओव्हरची तुलना १९९७ च्या, ईएसपी नसलेल्या गाडीशी का करता? आणि इलेक्ट्रिक क्रॉसओव्हरमध्ये तर जड बॅटरी जमिनीलगत असते, गुरुत्वमध्य बराच खाली येतो.

वळणवेडा (सकाळी ८:४४)
आणि वजन किती वाढतं तेही सांगा. जड गाडीला स्प्रिंगही कडकच लागते.

सावकाश_चला (सकाळी ९:१५)
तुमचं दोघांचं चालू द्या, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रानजाई, "घरच्यांना त्रास होतो" म्हणजे कुणाला, आणि नेमका कसला?

माझ्या वडिलांच्या मणक्याचं दुखणं आणि माझ्या भाच्याला गाडी लागणं, या दोन्हीला आमच्या घरात "प्रवासाचा त्रास" म्हणतात. पण दोन्हींची कारणं वेगळी. बसलेल्या माणसाचं अंग सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त दाद देतं, कंबर त्यानेच दुखते. मळमळ होते ती फार संथ हेलकाव्यांनी, साधारण पाच सेकंदांत एक झोका अशा. म्हणून एखादी मऊ, डुलणारी गाडी कंबरेला सुखाची आणि पोटाला वाईट असू शकते.

रानजाई (दुपारी १:१०)
हे मला आधीच सांगायला हवं होतं. दोघींना दोन वेगळे त्रास आहेत. सासूबाईंच्या कंबरेचं दुखणं जुनं आहे, गचका बसला की दोन दिवस उठता-बसता येत नाही. आणि मुलगी नऊ वर्षांची, तिला वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी लागते. दोघीही मागे बसतात. आत्ताची आमची छोटी हॅचबॅक आहे.

टायरचे आकडे फोन करून विचारले. क्रॉसओव्हर २२५/४५ आर १९, टॉप व्हेरियंट. सेडान १९५/६५ आर १५.

चौथा_गिअर (दुपारी १:२५)
हेच ते! हिशेब बघा. सेडानच्या टायरची भिंत १९५ च्या ६५ टक्के, म्हणजे जवळजवळ १२७ मिमी. क्रॉसओव्हरची २२५ च्या ४५ टक्के, म्हणजे १०१. दोन गाड्यांची तुलना करतोय असं वाटत असताना तुम्ही बऱ्याच अंशी दोन टायरांची तुलना केलीत. त्यात १९ इंची रिम आणि टायर सहसा जडही असतात, आणि चाक जड असलं की खड्ड्यावरून उठल्यावर ते आवरणं सस्पेन्शनला अवघड जातं. क्रॉसओव्हरच्या खालच्या व्हेरियंटला कुठला टायर आहे?

रानजाई (दुपारी १:५०)
२१५/६० आर १७.

चौथा_गिअर (दुपारी १:५४)
म्हणजे १२९ मिमी. सेडानएवढीच भिंत. ती चालवून बघा.

सावकाश_चला (दुपारी २:२०)
आणि तुम्ही स्वतः मागे बसून बघा. ड्रायव्हरची सीट दोन्ही आसांच्या मधोमध असते, मागची जवळजवळ मागच्या चाकांवर. पुढे बसलेल्याला जो खड्डा नुसता जाणवतो तो मागे कंबरेत जातो. सस्पेन्शनचा प्रकारही विचारा. मागच्या दोन चाकांमध्ये एकच आडवी टॉर्शन बीम असेल तर एका चाकाचा धक्का थोडाफार दुसऱ्याकडे जातो. मल्टिलिंक असेल तर चाकं बरीच स्वतंत्र हलतात. मात्र नुसत्या नावावर जाऊ नका, नीट जुळवलेली बीम ढिसाळ मल्टिलिंकपेक्षा चांगली चालते.

सासूबाईंना नक्की घेऊन जा. गचक्यांपेक्षा गाडीत चढणं-उतरणं जास्त नडतं, हा वडिलांच्या बाबतीतला अनुभव. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर आणि कंबरेवर येतो. सीट कमरेच्या उंचीला असली की माणूस नुसता आडवा सरकून बसतो.

उंच_आसन (दुपारी २:३५)
हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

वळणवेडा (दुपारी २:४१)
तुम्ही पहिल्यापासून खड्ड्यांबद्दल बोलत होतात, चढ-उताराबद्दल नाही. पण हा मुद्दा मान्य आहे. मुलीसाठी मात्र अजूनही सेडान म्हणेन, ती वळणावर कमी झुकते.

पाचवी_सीट (दुपारी ३:१०)
मला लहानपणी फार गाडी लागायची, म्हणून सांगते. गाडीपेक्षा चालवणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. काही जण वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतात, वळण संपलं की एकदम अॅक्सिलरेटर. प्रत्येक वेळी पोट पुढे-मागे. वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा, एवढ्याने निम्मं काम होतं. मुलीच्या हातात मोबाइल किंवा पुस्तक नको. डोळे सांगतात स्थिर, कान सांगतात हलतंय, यातूनच मळमळ होते. तिला दूरवरचा रस्ता दिसला पाहिजे. काही क्रॉसओव्हरमध्ये मागची खिडकी डिझाइनसाठी मागे निमुळती करतात, मुलांना बाहेरचं काही दिसतच नाही. तिला त्या सीटवर बसवून विचारा, काय दिसतंय.

डोंगरवाट (दुपारी ३:३०)
ड्रायव्हिंग मोडही असतात, चिखल, वाळू वगैरे. ते बघून घ्या.

चौथा_गिअर (दुपारी ३:४४)
एक राहिलं. टेस्ट ड्राइव्हआधी टायरमधली हवा मोजायला सांगा. कारखान्यातून गाडी निघताना टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते, म्हणजे वाहतुकीत उभ्या-उभ्या टायर चपटे होत नाहीत. गाडी ग्राहकाला देण्याआधी ती कमी करायची असते, पण कधी कधी राहून जाते. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो.

रानजाई (शुक्रवार, रात्री १०:१५)
आज सगळ्यांना घेऊन गेले. दोघींना मागे बसवलं, परतीच्या फेरीत नवऱ्याला चालवायला देऊन मी त्यांच्या शेजारी बसले. टायरची हवा आधी मोजायला लावली. सेडानची बरोबर होती. क्रॉसओव्हरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलेलं आणि टायरमध्ये ४२! सेल्समन म्हणाला हायवेला असंच ठेवतात. मी ३३ करून मगच निघाले.

१७ इंची चाकांची क्रॉसओव्हर मंगळवारच्या गाडीसारखी अजिबात वाटली नाही. गतिरोधकावर मागे एकदाच दणका बसतो आणि संपतो. सेडान गतिरोधकावर अजूनही थोडी मऊ आहे, हे खरं. पण सासूबाईंना सेडानमधून उतरताना माझा हात धरावा लागला आणि तरी त्या कळवळल्या. क्रॉसओव्हरमधून त्या एकट्या उतरल्या. त्यांनी काही मत दिलं नाही, फक्त परत जाऊन दुसऱ्यांदा बसून बघितलं. मला तेवढं पुरलं.

मुलीला दोन्ही गाड्यांत त्रास झाला नाही, पण रस्ता सरळ होता, त्यामुळे त्यावरून काही ठरवत नाही. खिडकीतून तिला पुढचा रस्ता दिसतो, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

वळणवेडा, तुमच्यासाठी: गोल वळणावर सेडान हातात जशी येते तशी क्रॉसओव्हर येत नाही. गाडी रोज मीच चालवणार आहे आणि मला ती सेडान मनापासून आवडली होती. सोडताना वाईट वाटलं. खालच्या व्हेरियंटची क्रॉसओव्हर उद्या बुक करतेय.

वळणवेडा (रात्री १०:२८)
वाईट वाटणारच. पण ज्यांच्यासाठी घेताय त्यांना बसवून बघितलंत, यापुढे मी काही बोलत नाही. टायर बदलायची वेळ आली की चांगले घ्या, हाताळणीत बराच फरक जाणवतो. मात्र मोठं रिम टाकू नका.

उंच_आसन (रात्री १०:३३)
अभिनंदन! यावर आम्हा दोघांचं एकमत आहे. मोठं रिम नको.

नवखा_चालक (रात्री ११:५०)
मलाही हाच प्रश्न आहे. सेडान घेऊ की क्रॉसओव्हर?

चौथा_गिअर (शनिवार, सकाळी ७:०५)
नवखा, वेगळा धागा काढा, आणि टायरचे आकार, किती माणसं, कोण कुठे बसणार, कुणाला काय त्रास, हे पहिल्याच ओळीत लिहा.

रानजाई, गाडी ताब्यात आली की घरी थंड झाल्यावर हवा पुन्हा मोजा.

रानजाई (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८:२०)
काल गाडी आली. आत्ता मोजली. चारही टायरमध्ये ४१.