मॉट द हूपल – कोणी ऐकलंय, कोणी पाहिलंय? अनुभव लिहा

ग्लॅम रॉक (सत्तरीतलं चमचमते कपडे, मेकअपवालं रॉक) म्हटलं की गाडी डेव्हिड बोवी आणि टी. रेक्स बँडवर अडते, म्हणून हा वेगळा धागा. १९६९ मध्ये जमलेला इंग्लंडचा बँड, स्टेजवर धुमाकूळ घालायचे पण रेकॉर्डी काही खपेनात, १९७२ त वैतागून गाशा गुंडाळायला निघाले तर बोवीने 'ऑल द यंग ड्यूड्स' लिहून दिलं आणि ते तिकडच्या चार्टवर थेट तिसरं. १९७४ संपता संपता सगळं खलास. मग एकदम २००९ त पुन्हा एकत्र! लिहा मंडळी, नुसतं +१ नको.

पाचगणीवाला
आम्ही क्वीन बँडमार्गे आलो. पाचगणीत शिकल्यावर त्यांच्या गायक फ्रेडी मर्क्युरीचं कौतुक असणारच, तो तिथल्या सेंट पीटर्सचा. क्वीनच्या 'नाऊ आय'म हिअर'मध्ये हूपल असा शब्द येतो, हा कोण बुवा म्हणून शोधलं तर १९७३ च्या इंग्लंड दौऱ्यात क्वीन या मॉट द हूपलच्या आधी वाजवायचे! पुढच्या वर्षी अमेरिकेतही, पण मध्येच त्यांचा गिटारिस्ट ब्रायन मे याला हेपटायटिस झाला आणि क्वीनला परतावं लागलं.

सहा तारा
बोवीने वाचवलं हे खरंय पण सारखं तेच काय? १९७३ चा 'मॉट' अल्बम त्यांनी स्वतःच प्रोड्यूस केलाय, 'ऑल द वे फ्रॉम मेम्फिस'चा पियानो आणि त्यावर रॉक्सी म्युझिकच्या अँडी मकायचा सॅक्सोफोन ऐका. आमचा कॉलेजचा बँड हे वाजवायचा, पब्लिक समोसे खायला निघून जायचं ती गोष्ट वेगळी. माझ्या मते खरा घाव गिटारिस्ट मिक राल्फ्स बँड सोडून गेला तेव्हाच बसला, त्याने बॅड कंपनी हा बँड काढला आणि तो अमेरिकेत तुफान चालला.

लंडनची सूनबाई
ऑक्टोबर २००९, हॅमरस्मिथ अपोलो. नवऱ्याच्या साहेबांकडे जादा तिकिटं होती म्हणून गेले, एक गाणं माहीत नव्हतं. हॉलभर टकलू आजोबा गळ्यात स्कार्फ घालून उड्या मारतायत, आणि मॉटचा गायक, सत्तरीचा इयन हंटर काळा चष्मा लावून गातोय. ड्रमवर प्रिटेंडर्स बँडचा मार्टिन चेंबर्स होता, कारण मूळ ड्रमर बफिनला अल्झायमर्स. बफिन शेवटी एन्कोरला (शो संपल्यावरच्या जादा गाण्यांना) आला आणि चेंबर्सच्या जोडीने ड्रम वाजवला. आमच्या सासऱ्यांना तेच दुखणं, त्यांना साधा चमचा धरायला लावताना काय होतं ते मी रोज बघत होते, त्यामुळे पुढची गाणी कुठली झाली विचारू नका.

खडूस काका
२००९ ठीक, पाचही मूळ गडी होते. पण २०१९ चा दौरा? बफिन २०१६ त गेला, बासवाला ओव्हरएंड वॉट्स २०१७ त, राल्फ्सला स्ट्रोक. मग हंटर, गिटारिस्ट एरियल बेंडर आणि कीबोर्डवाला मॉर्गन फिशर तिघंच जुने, बाकी हंटरचा नेहमीचा बँड. याला रीयुनियन म्हणायचं?

न्यू जर्सीकर
काका, म्हणूनच त्या वेळी बँडच्या नावात '७४' लावलं होतं की! बेंडर, फिशर दोघं त्या वर्षीच्या लाइनअपमधलेच. मी अमेरिकेतल्या शोला होतो, बेंडर सत्तरी ओलांडूनही स्टेजभर बागडत होता. तुम्ही तिकीट काढलं असतंत तर बोलला नसतात.