वर्कआउटनंतर तयार प्रोटीन शेक कोणता घ्यावा? खेड्यात भेटन असा सांगा

सोळाशे_मीटर

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, गाव बारकंच हाये. पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. सकाळी रनिंग आन् गोळा, संध्याकाळी तालुक्याच्या जिममध्ये जातो गाडीनं. वजन ५८ किलो, काही केल्या वाढून नाही राहिलं. जिमहून घरी येऊन आंघोळ, ढोरं, मंग जेवण, इतक्यात नऊ वाजते, मधात पोटात काहीच नाही. म्हणून वाटते का एखादा तयार शेक बॅगीत ठेवावा, फोडला आन् पेला, मिक्सर-केळं-दूध असा कुटाणा नको. डब्याची पावडर नको असं नाही पण तीन-चार हजार एकदम काढणं सोयाबीन निघाल्याशिवाय जमत नाही. घरचे माळकरी, अंडं घरात चालत नाही आन् मीबी खात नाही.

तालुक्याले दुकानात अमूलचं प्रोटीनवालं ताक दिसलं, चॉकलेटचा प्रोटीन शेक हाये, बाकी त्या रंगीत दुधाच्या बाटल्या. जिमवाला म्हणते माह्याजवळचा मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर घे, सुट्टा देतो पाव किलो. यातलं काय घेऊ? आन् आपल्याकडच्या उन्हात बॅगीत खराब तं नाही होणार?

मेडिकलवाला_भौ

बाकी काय घ्याचं ते घे पण सुट्टा गेनर घेऊ नको रे बाबा. पन्नीत बांधून दिलेल्या पावडरीवर ना कंपनी, ना बॅच नंबर, ना एक्सपायरी, त्यात काय हाये हे देणाऱ्यालेबी ठाऊक नसते. सीलबंद खऱ्या गेनरमध्येबी बहुतेक भाग माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे साखरेचीच बहीण, प्रोटीन थोडं. तेवढ्या पैशात घरी भाकर-गूळ जास्त होते.

आन् दुसरी गोष्ट, विचारली नाहीस तरी सांगतो कारण काउंटरवर रोज पाहतो. भरतीवाले पोट्टे वजन वाढवायच्या गोळ्या मागाले येते. त्यात कधी डेक्सामेथासोन असते, ते स्टेरॉइड हाये, कधी सायप्रोहेप्टाडीन, ते अलर्जीचं औषध, त्यानं भूक लागते आन् झोप येते. डेक्सानं पंधरा दिवसात गाल फुगते, पोट्टा म्हणते वजन वाढलं, अंगात पाणी साचलं असते ते, मसल नाही. वरून शुगर वाढते, हाडं कमजोर होते. आन् कोणी बरेच दिवसापासून खात असन तं एकदम बंदबी करू नका, डॉक्टरले दाखवून हळूहळू बंद करा लागते.

हॉस्टेल_नंबर_तीन

मी अमरावतीला फूड टेक्नॉलॉजी करतेय, थोडं लेबलबद्दल सांगते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे मोठं लिहिलंय ते वाचूच नका, पाकीट उलटं करा. मागच्या तक्त्यात दोन आकडे असतात, एक १०० मिलीचा आणि एक पूर्ण पाकिटाचा, लोक यातच फसतात. पूर्ण पाकिटात प्रोटीन किती आणि साखर किती, बस एवढं पाहायचं.

त्या रंगीत दुधाच्या २०० मिलीच्या बाटलीत प्रोटीन साधारण ६-७ ग्रॅम असतं, म्हणजे साध्या दुधाएवढंच, आणि साखर २० ग्रॅमच्या आसपास. ते गोड दूध आहे, चांगलं लागतं, प्यायचं तर प्या पण त्याला प्रोटीन शेक म्हणू नका. अमूलच्या प्रोटीन ताकात २०० मिलीला १५ ग्रॅम प्रोटीन आहे. चॉकलेटचा कोणत्या कंपनीचा दिसला ते लिहिलं नाहीस, पण त्या प्रकारात २० ग्रॅमच्या आसपास मिळालं तर ठीक. त्यात साखरेऐवजी सुक्रॅलोज असू शकतं, काहींना मागून कडवट लागतं, काहींचं पोट फुगतं. एक आणून बघ आधी, डायरेक्ट बॉक्स नको.

उन्हाचं म्हणशील तर हे टेट्रापॅक यूएचटी असतात, म्हणजे दूध १३५ डिग्रीच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात भरलेलं, म्हणून न फोडता फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकतं. लाइट गेली तरी फरक पडत नाही. पण दुकानदाराने टिनाच्या शेडखाली मे महिनाभर उन्हात ठेवलेलं असेल तर चव बिघडते. फुगलेलं पाकीट कितीही थंड करून दिलं तरी घेऊ नको. आणि फोडलं की लगेच संपव, अर्धं ठेवून सकाळी प्यायचं नाही.

पावडरीबद्दल पण एक सांगते कारण पुढेमागे घेशीलच. २०२४ मध्ये मेडिसिन नावाच्या जर्नलमध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी छापून आली होती, त्यातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास डब्यांवरची प्रोटीनची माहिती बरोबर निघाली नाही. आकडा फुगवायची युक्ती सोपी असते. प्रोटीन मोजताना बहुतेक वेळा नायट्रोजन मोजतात, मग ग्लायसिन किंवा टॉरिनसारखं स्वस्त अमिनो ॲसिड टाकलं की आकडा वाढतो, अंगाला उपयोग होत नाही. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर डबा खाली ठेव.

वावरातला_जिमबाज

ताईनं बरोबर सांगतलं पण एक हिशोब राहिला. ५८ किलोच्या माणसाले किती पाहिजे? आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा, साध्या माणसाचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम हाये, म्हणजे तुले ४८. जिम आन् रनिंग करणाऱ्याले १.४ ते १.६ धरा, म्हणजे ८० ते ९०. आता तू दिवसभरात चार भाकरी, दोन टाइम तुरीचं वरण, सकाळी पोहे, एक गिलास दूध घेत असशील तं पन्नाशीच्या आसपास जाशील. म्हणजे खड्डा ३०-४० ग्रॅमचा हाये, आन् एका शेकनं १५ भरते. शेक पेलो म्हणून रात्री वरणाची वाटी अर्धी केली तं पैसे पाण्यात.

मले तं हसू येते, घरी सोयाबीनचे कट्टे पडून असते आन् आपण दुकानात प्रोटीन हुडकत फिरतो. सोयावडी आण. तेल काढल्यावर जे पीठ उरते त्याचीच बनते ती, १०० ग्रॅमले ५२ ग्रॅम प्रोटीन. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम वडी गरम पाण्यात भिजवून पिळून घे, लसण-तिखट टाकून झुणक्यासारखी परत, १५ ग्रॅम झालं, आन् खर्च पाच रुपयेबी नाही. पण घरचं सोयाबीन कच्चं भिजवून चण्यासारखं खाऊ नको, काही पोट्टे खाते. कच्च्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असते, ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणते त्याले, चांगलं शिजवल्याशिवाय जात नाही, पोट बिघडून दुसऱ्या दिवशी रनिंग बोंबलते.

सोळाशे_मीटर

हे भारी सांगतलं भाऊ, सोयावडी मायले सांगतो. पण जिमहून निघाल्याबरोबर काय, तिथं सोयावडी कोण परतून देईन? माह्या दोस्ताचं म्हणणं हाये का अर्ध्या तासाच्या आत प्रोटीन गेलं नाही तं व्यायाम वाया जाते. आन् दूध मले जड जाते, थोडं गुडगुड होते, ताक चालते.

हॉस्टेल_नंबर_तीन

अर्ध्या तासाचं ते जुनं झालं. व्यायामानंतर कितीतरी तास शरीर प्रोटीन वापरत राहतं, दिवसाची बेरीज जास्त महत्त्वाची. तू पाच वाजता काही खाऊन जिमला जात असशील तर नऊला जेवलास तरी चालेल. दुपारी एकपासून पोट रिकामं असेल तर मात्र मध्ये काहीतरी हवंच.

दूध जड जातं म्हणजे लॅक्टोजचा, दुधातल्या साखरेचा, त्रास असू शकतो. साध्या ताकात विरजणामुळे लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं, शिवाय एका गिलासात दूध कमी आणि पाणी जास्त, म्हणून ते चालतं. प्रोटीन ताक साध्या ताकापेक्षा घट्ट असतं, पहिल्यांदा अर्धं पिऊन बघ, जिमवरच, रनिंगच्या आधी नको. पुढे पावडर घेतलीस तर व्हे आयसोलेट बघ. व्हे म्हणजे पनीर-चीज करताना उरणारं दुधाचं पाणी, आयसोलेट त्यातलं जास्त गाळलेलं प्रोटीन, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं, पण महाग पडतं. कमी गाळलेलं ते कॉन्सन्ट्रेट, ते स्वस्त, पण त्यात लॅक्टोज जास्त.

तालमीतला_बुढा

आमच्या टाइमले चणे भिजवून खायचो, वरून गूळ आन् म्हशीचं दूध, कोणता शेक न् कोणता टेक. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान आम्ही पाहिले, तिथं १९१४ पासून लोक घाम गाळून राहिले. पाकिटं पिऊन कोणी पहेलवान झालं नाही.

वावरातला_जिमबाज

काका तुमचं म्हणणं अर्धं मान्य. पण तुमच्या घरी म्हैस होती, याच्या घरचं दूध डेअरीवर जाते, पोट्ट्याच्या वाट्याले कपभर उरते. चण्याचं मात्र खरं हाये. फुटाणे १०० ग्रॅमले २० ग्रॅम, फल्लीदाणे २५. खिशात दोन्ही मिळून एक मूठ आन् त्यावर प्रोटीन ताक, पोट्ट्याचा जिमहून घरापर्यंतचा प्रश्न मिटला. फल्लीदाण्यात तेल लय असते पण याले वजन वाढवाचं हाये तं चांगलंच.

धामणगावची_ताई

माझी लहान बहीण महिला भरतीचे ८०० मीटर करते म्हणून विचारते, तिला पण हेच चालेल का? तिला कोणीतरी सांगितलं की प्रोटीनने मुलींचं अंग राठ होतं, दाढीमिशी येते, आई घाबरून काही घेऊच देत नाही. दुकानदार म्हणाला चॉकलेटवाली माल्ट पावडर द्या, ती मुलींसाठी असते.

मेडिकलवाला_भौ

ताई, ताकातल्या प्रोटीननं दाढीमिशी नाही येत, ते काम हार्मोनच्या इंजेक्शनचं. दूध, डाळ, वडी यात जे प्रोटीन तेच पाकिटात. माल्ट पावडरीचं म्हणाल तं त्यात साखर पाहून घ्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन कंपन्यांना सांगतलं होतं का बोर्नव्हिटासकट अशी पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा. मुलीले जास्त फायदा हिमोग्लोबिन तपासून होईन, पीएचसीत होते. ते कमी असलं तं कितीबी प्रोटीन द्या, आठशे मीटरमध्ये दम लागनच. जेवणात लिंबू पिळायले सांगा आन् जेवणावर चहा बंद, त्यानं लोह अंगी लागत नाही.

सोळाशे_मीटर

ठरलं मंग. जिमच्या दिवशी प्रोटीन ताक आन् फुटाणे, घरी सोयावडी, गेनरवाल्याले नाही म्हणतो. सकाळच्या रनिंगनंतर काय, तेबी ताकच का?

वावरातला_जिमबाज

नाही बे, सोळाशे मीटरनं जे संपते ते आधी भर. दोन केळं नाही तं गूळ-पोळी, वरून पाणी, आन् पोह्यात फल्लीदाणे हात सैल सोडून टाकायले सांग. सकाळी पाकीट फोडायची गरज नाही, घरीच तं असतो तू. सातूचं पीठ असन घरात तं तेबी कालव, त्यात भाजलेली चणाडाळ असते. ताक रोजचं परवडत नसन तं पायाच्या व्यायामाच्या आन् गोळाफेकीच्या दिवशीच ठेव.

हॉस्टेल_नंबर_तीन

आणि किडनी स्टोन वगैरे आधी झालेला असेल तर सांग, मग हा हिशोब डॉक्टरला विचारूनच.

सोळाशे_मीटर

नाही, तसं काही नाही. घरी बुढ्याले आहे मुतखडा, मले नाही. धन्यवाद सगळ्यांचं, उद्या तालुक्याले गेलो का पाकिटाच्या मागचा फोटो टाकतो.