जुन्या जीपच्या सीट घरीच मढवता येतील का?

प्रश्न

माझ्याकडे १९६२ सालची विलीज सीजे-३बी आहे. पुढच्या दोन्ही सीटचे रेक्झिन उन्हाने तडकले असून, फटींतून आत मुरलेले पाणी दोन-दोन दिवस वाळत नाही. चालकाच्या सीटची एक स्प्रिंगही तुटली आहे. घरी साधे शिलाई मशीन आहे आणि मला सरळ टीप घालता येते. एवढ्या भांडवलावर हे काम घरी होईल का, आणि रेक्झिन घ्यावे की कॅनव्हास?

पहिले उत्तर

होईल, परंतु कापडाचा विचार सर्वांत शेवटी करावा. या गाडीत पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते; त्यामुळे तुटलेली स्प्रिंग बदलणे, गंज घासणे किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही करायचे असल्यास सीट गाडीतून काढून दूर न्यावी. सांगाडा तारेच्या ब्रशने घासून त्यावर प्रायमर आणि रंग द्यावा. स्प्रिंगवर फोम थेट ठेवू नये, कारण तारा त्याला हळूहळू कापत जातात. मध्ये जाड गोणपाट ताणून बांधावे.

जुने आवरण ओढून काढण्याचा मोह टाळावा. मी पहिल्या सीटच्या वेळी तो टाळला नाही आणि मग फाटलेल्या चिंध्या जुळवण्यात एक आख्खा रविवार गेला. उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व पुढची बाजू लिहावी आणि शिवणीच्या दोन्ही अंगांना जुळणाऱ्या खुणा कराव्यात. मगच तुकडे सपाट करून जाड कागदावर उतरवावेत. जुने रेक्झिन वापराने ताणलेले असते, म्हणून त्यावरून काढलेले माप बहुधा सैल निघते. तेव्हा १२ मिलिमीटर माया (शिवणीसाठी कडेला राखलेले जादा कापड) सोडून आधी जुन्या चादरीचे आवरण शिवावे आणि ते नव्या फोमवर चढवून पाहावे.

फोम घनमीटरला निदान ४० किलो घनतेचा असावा. जाडी मात्र मुळाइतकीच ठेवावी, नाहीतर गुडघे स्टिअरिंगला लागतात.

दुसरे उत्तर

वरील सर्व मान्य आहे, पण उघड्या गाडीसाठी मी कॅनव्हासच घेईन. रेक्झिनमधून पाणी जात नसले तरी सुईच्या प्रत्येक भोकातून ते जाते, आणि एकदा आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तुमच्या सीटचे आज तेच झाले आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबीच्या सीटही कॅनव्हासच्याच होत्या. कॅनव्हासवर डाग पडतात हे खरे, तरी ते वाळते. धागा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती धागा ओलाव्याने कुजतो आणि कापड धड असतानाच शिवण सुटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गाडी बहुतेक वेळ उघडीच असल्याने कॅनव्हास ठरवले. चाचणीसाठी एक कोपरा शिवून पाहिला, तर गोट घातलेल्या कडेवर चार थर एकत्र येतात आणि तिथे मशीन अडते. सुई १४ नंबरची आहे.

पहिले उत्तर देणारे

१८ नंबरची सुई लावा आणि टाका ४ ते ५ मिलिमीटर लांब ठेवा. आतल्या थरांची माया कमी-जास्त लांबीवर कापली, तर सगळी जाडी एकाच रेषेत येत नाही. अडणाऱ्या जागी पायाने किंवा मोटरने जोर लावू नका. चाक हाताने फिरवून तेवढे टाके एकेक घाला. त्यानंतरही सुई वाकत असेल, तर मशीनला तेवढे थर झेपत नाहीत असे समजून फक्त गोटाच्या शिवणी मोच्याकडून घालून घ्या आणि बाकीचे घरी शिवा.