'दोघांनी मिळून' मांसाहार सोडला म्हणजे नक्की कोणी सोडला?

अर्धी_कढई: परवा इथे एका जोडप्याचं लिखाण आलं. 'दोघांनी एकत्र मांसाहार सोडला, महिनाभरात सवय झाली, नातंही घट्ट झालं.' खाली नुसत्या टाळ्या. वाचून माझं डोकं फिरलं.

आमच्याकडेही 'दोघांनी' सोडला. ठरवलं नवऱ्याने, रात्री अकराला एक माहितीपट बघून. मला झोप येत होती म्हणून मी हो म्हटलं. चिकन कामावरून आल्यावर अर्ध्या तासात व्हायचं. आता आदल्या रात्री राजमा भिजत घालायची आठवण ठेवायची कोणी? मी. विसरलं की परत बटाटा आणि चीज. वजन माझं वाढलं, पृथ्वी त्याने वाचवली. आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे खिम्याचं एक पाकीट तीन महिने पडून होतं. टाकायलाही कोणी तयार नाही, शिजवायलाही नाही.

तिरका_डोळा: यात शाकाहाराचा काय दोष? नवरा आळशी आहे असं सरळ लिहा की. आणि मसूर भिजवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते.

अर्धी_कढई: रोज मसूर खाऊन बघा, मग बोलू.

जुनं_दुखणं: राजमा-मसूर राहू दे, बी-१२ व्हिटॅमिनचं काय? आम्ही दोघांनी दूध-अंडीही सोडली होती. दोन वर्षं झकास गेली. मग बायकोच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, आम्ही दोष चपलेला दिला. तपासलं तर बी-१२ तळाला. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच कळतच नाही.

हिरवा_कंदील: झाली भीती घालायला सुरुवात! स्पिरुलिना घ्या, ते शेवाळ, त्यात भरपूर बी-१२ असतं. माझे आजोबा जन्मभर शाकाहारी, ९१ वर्षं जगले. एक गोळी घेतली नाही.

जुनं_दुखणं: स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरताच येत नाही. आम्ही तेच खात होतो, म्हणून तर ही वेळ आली! आजोबा दूध पीत होते का?

हिरवा_कंदील: पीत होते. मग?

जुनं_दुखणं: मग काय. तिथूनच मिळत होतं.

हिरवा_कंदील: बरं बाबा, गोळी घेतो. खूश? पण निरोगी माणसाला रुग्ण करायची तुमची हौस काही जात नाही.

जुनं_दुखणं: हौस? बायको जिना उतरताना कठडा धरून उतरते अजून. शब्द जपून वापरा.

तिरका_डोळा: भांडा तुम्ही. मला प्रोटीनवाल्यांचा जास्त राग आहे. वाटीभर डाळीत चिकनइतकं प्रोटीन म्हणे! शिजलेल्या मसुरीत १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास, चिकन ब्रेस्टमध्ये ३० च्या. मी स्वतः शाकाहारी आहे, तरी थाप ती थाप.

एकटाच_बरा: मी सोडलं, बायकोने नाही. दोन कढया, दोन जेवणं. सगळे म्हणाले, टिकणार नाही. सहा वर्षं झाली. उलट एकत्र सोडणारेच एकमेकांवर पाळत ठेवतात. तिच्या ताटातला वास आला की मी खिडकी उघडतो, बस.

अर्धी_कढई: आणि त्या दोन कढया घासतं कोण?

एकटाच_बरा: …माझी मी घासतो. बहुतेक वेळा.

अर्धी_कढई: 'बहुतेक वेळा'!

तिरका_डोळा: ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण नवऱ्याला कधी सांगितलंत का? की धागा काढणंच सोपं?

अर्धी_कढई: टोमणा पोचला. हाच धागा त्याला वाचायला दिला. चिडला, 'आळशी'वर तर फारच. मग म्हणाला, आजपासून राजमा माझ्याकडे. रात्री त्याने खरंच काढून ठेवला. सकाळी झाकण उघडलं, तर भांड्यात राजमा होता, पाणी नव्हतं.