मदत हवी आहे: गुप्तरोगाच्या तपासणीत नेमकं काय काय होतं?

नवीन नातं सुरू होतंय, त्याआधी दोघांनीही टेस्ट करून घ्यायचं ठरवलंय. त्रास काहीच नाही, पण क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन लक्षणांशिवायही असू शकतं, म्हणून. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त, क्लॅमिडिया-गनोरियासाठी लघवी किंवा स्वॅब, एवढं कळलंय. लघवी सुरुवातीच्या धारेची लागते आणि त्याआधी तासभर तरी लघवीला जायचं नाही म्हणे (एरवी मधली धार मागतात, इथे उलटंच!).

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, स्वॅब आपला आपण घेऊ देतात का? दुखतं का? आणि डॉक्टर किती खोदून विचारतात? खरी धाकधूक त्याचीच आहे. शेवटच्या संबंधाला फार दिवस झालेले नाहीत, मग एचआयव्हीची टेस्ट आत्ता निगेटिव्ह आली तरी पुन्हा कधी करायची?