स्विफ्ट डिझेल: किल्लीची लाईट लुकलुकते, इंजिन धरत नाही, मेकॅनिक ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलं म्हणालाय

नंदगडकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, केए २२ पासिंग, सेकंडहँड घेतलेली आणि घेतानाच एकच किल्ली मिळाली. आता काही दिवसांपासनं असं झालंय की किल्ली फिरवली की सेल्फ व्यवस्थित मारतंय खरं इंजिन धरत नाही, मीटरमधी गाडीच्या चित्रात किल्ली असलेली लाईट लुकलुकत राहते. किल्ली काढून परत घातली की कधी लगेच चालू, कधी अर्धा तास तसंच. परवा वडलांना बेळगावला दवाखान्यात दाखवून परत निघताना पार्किंगमधीच अडकलो, शेवटी त्यांना वडापनं घरी पाठवायला लागलं, त्या वयात बरं वाटत नाही हो असं.
एक मेकॅनिक म्हणालाय ईसीएम गेलंय, नाहीतर इमोबिलायझरच, म्हणजे ओळखीची किल्ली नसली तर इंजिन चालू न होऊ देणारी सिस्टीमच, प्रोग्राममधनं उडवून टाकूया, इमो ऑफ करू, मग साधी किल्लीबी चालते, १२ हजार. दुसरा म्हणतो नवीन ईसीएमच घाला. जांबोटी साईडला येणंजाणं असतंय, पावसात गाडी उघड्यावर, पाणी गेलं असेल काय? इमो ऑफ करावं का? माहिती असलेल्यांनी सांगा की.

निपाणीकर२३:
नवीन कशाला घालताय, हे इंजिन फियाटचं १.३ मल्टिजेट, विस्टा, पुंटो, स्विफ्ट सगळ्यांत तेच. कोल्हापूरला भंगारात ईसीएम मिळतंय बघा, काढून आणा आणि लावा, काम झालं.

उद्यमबाग_वायरमन:
निपाणीकर, तसं होत नाही भाऊ. इंजिनाचं लोखंड एक असलं तरी प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, वायरिंग वेगळं. आणि स्विफ्टचंच ईसीएम आणलं तरी त्याच्यात त्या जुन्या गाडीचा इमोबिलायझर डेटा बसलेला असतो, ते तुमच्या किल्लीला ओळखतच नाही. मग तुमच्या ईसीएमच्या मेमरीतला डेटा वाचून जसाच्या तसा त्याच्यात उतरवायचा, म्हणजे क्लोन, नाहीतर ते कोरं करून गाडीला नव्यानं शिकवायचं. होतंय हे काम, रोज होतंय, खरं आधी ईसीएम खरंच गेलंय हे कळायला नको काय?
नंदगडकर, किल्लीच्या डोक्यात एक बारकी चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशन लॉकच्या भोवती तांब्याच्या तारेची रिंग असते, किल्ली ऑन केली की त्या रिंगेतनं साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर जाते, त्याच्यावरच चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. कोड जुळला तर ईसीएम डिझेल सोडतं, नाहीतर सेल्फ फिरत राहतं आणि इंजिन धरत नाही. तुमचं अगदी हेच चाललंय. आणि किल्ली काढून घातली की कधी चालू होतंय म्हणताय ना, ईसीएम जळलेलं असतं तर असं मधनंमधनं ठीक झालं नसतं सहसा. पाण्याचं म्हणाल तर कनेक्टरला हिरवं चढतंय, तेबी बघायचं, खरं ते नंतर.
मला चार गोष्टी सांगा. रिमोटनं दार उघडतंय काय? किल्लीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली आहे काय? आणि किल्लीचं कव्हर कधी बदललंय काय? आणि कुणीतरी स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावून बघितलं काय का नुसतं तोंडानंच ईसीएम गेलं म्हणाले?

नंदगडकर:
स्कॅनर कुणीच लावला नाही. रिमोट चालतंय, दार उघडतंय, म्हणून मला किल्लीवर संशयच आला नाही. जुडग्यात मेव्हण्याच्या गाडीची किल्ली हाय. आणि हो, कव्हर गणपतीच्या आधी बदललं, बटणाचं रबर फाटलं होतं, बाजारात एका किल्लीवाल्याकडनं पाच मिनिटात बदलून घेतलं. त्यानंतरच सुरू झालं बहुतेक, आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय.

उद्यमबाग_वायरमन:
मग ईसीएमचं नाव आज घेऊ नका. रिमोट आणि चिप ह्या दोन वेगळ्या गोष्टी, रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही, म्हणून दार उघडतंय ह्याच्यावरनं चिप ठीक आहे असं होत नाही. मेव्हण्यांची किल्ली आधी जुडग्यातनं काढा, दोन चिपा शेजारी आल्या की रिंगेला नीट ऐकू येत नाही.
मग एक पांढरा कागद पसरून त्याच्यावर कव्हर उघडा, कारण चिप उडून पडली तर फरशीवर सापडत नाही. काळी, पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्याएवढी, चौकोनी पाचरीसारखी असते, काही गाड्यांत काचेची नळी असते. तिला बसायला कव्हरमधी एक खाच असते, पात्याच्या बाजूला. बाजारातल्या स्वस्त कव्हरांत ती खाच ढिली असते, किल्लीवाले फेविक्विकचा एक थेंब लावून चिकटवतात आणि ते सुटतंय. चिप हलत हलत मागं कीचेनच्या बाजूला गेली की रिंगेपासनं लांब पडते. जागेवर असली की गाडी चालू, सरकली की बंद. खाचेत दाबून बसवा, वरनं पातळ डबल टेप लावा. तिला चीर गेलेली दिसली तर मात्र नवीन चिप प्रोग्राम करायला लागेल, ती टेपनं जमत नाही.
हे करूनबी झालं नाही तरच स्कॅनर. पी०५१३ म्हणजे चुकीची किल्ली, पी०६३३ म्हणजे किल्ली ईसीएममधी नोंदच नाही, यू०१६७ आलं तर इमोबिलायझरच्या मॉड्यूलशी बोलणंच तुटलंय, तिथं वायरिंग आणि फ्यूज बघायचं. रिंगेचे दोन टोक मीटरनं तपासता येतात, ओपन दाखवलं तर तार तुटली. आणि बॅटरी. सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर मॉड्यूल गोंधळतात, मग काहीबी लाईट लागते.

टिळकवाडी_ताई:
मी विमा क्लेमचं काम बघते म्हणून फक्त इमो ऑफबद्दल लिहिते. भाऊ, ते करू नका. गाडी चोरीला गेली की कंपनी सगळ्यात आधी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, तुमच्याकडं आधीच एक. त्यात इमोबिलायझर बंद केलेला निघाला तर वाद वाढतो, आणि तो वाद तुम्हालाच लढायला लागतो, १२ हजार घेणारा माणूस तिथं येत नाही. हरवलेल्या किल्लीची पोलीस स्टेशनला तक्रार देऊन त्याची पोच जपून ठेवा, नवीन किल्ली करताना आरसी आणि ओळखपत्र न मागणाऱ्याकडं जाऊ नका.

व्हीटीयू_मेकॅनिकल:
प्रश्न होता. ह्या चिपा हॅक होतात असं वाचलंय, २००५ मधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटाची चिप फोडून दाखवली, २०१२ मधी हिटॅग२ ह्या दुसऱ्या किल्ली-चिपची पाळी आली. मग इमोबिलायझर ठेवून तरी काय उपयोग?

उद्यमबाग_वायरमन:
उपयोग आहे बाळा. चिप फोडायला यंत्र लागतंय, अक्कल लागते. तार जोडून गाडी पळवणारा तिथंच अडतो, आणि आपल्याकडं भीती त्याचीच. युरोपात १९९८ पासनं नवीन कारला इमोबिलायझर सक्तीचा आहे तो उगीच नाही.

नंदगडकर:
उघडलं! चिप खाचेत नव्हतीच, सर्किटच्या मागं आडवी पडलेली, गोंदाचा वाळलेला ठिपका तसाच. चीर नाही. बसवली, टेप लावली, काल सकाळपासनं कितीदा बंदचालू केली, लाईट एकदाबी लुकलुकली नाही. वायरमन अण्णा, लई उपकार झाले. आता दुसरी किल्ली करूनच घेतो. करताना काय बघू?

उद्यमबाग_वायरमन:
लवकर करा, एक किल्ली चालू आहे तोवर काम सोपं. ती पण हरवली की 'ऑल कीज लॉस्ट', मग इमोबिलायझरचा पिन कोड (नवीन किल्ली शिकवायला लागणारा गुप्त आकडा) काढा नाहीतर मॉड्यूल खोलून आठ पायांची मेमरी चिप वाचा, खर्च कुठल्या कुठं जातो. तीन गोष्टी सांगतो. एक, प्रोग्राम करताना बॅटरीला सपोर्ट चार्जर (व्होल्टेज पडू न देणारा) लावलाय काय बघा, मधीच व्होल्टेज पडलं तर चांगलं ईसीएम बिघडतंय, ही खरी भीती. दोन, जुनी हरवलेली किल्ली मेमरीतनं पुसून घ्या, म्हणजे ती कुणाला सापडली तरी दार उघडेल खरं गाडी चालू होणार नाही. तीन, पिन तुक्क्यानं टाकू देऊ नका, परत परत चुकला की सिस्टीम लॉक होऊन बसते. आणि मेमरी वाचायची वेळ आलीच तर मूळ फाईलची कॉपी पेन ड्राईव्हवर मागून घ्या, गाडी तुमची, फाईलबी तुमचीच.

चिकोडी_गाडीवाला:
ह्या धाग्यावरनं डोक्यात किडा शिरला. माझी केए २३ ची गाडी, आधीच्या मालकानं इमो ऑफ केलंय का नाही हे कसं कळणार? आणि केलं असेल तर परत चालू करता येतंय काय?

उद्यमबाग_वायरमन:
घरातलंच करा. चपातीला लावतो तो अल्युमिनियम फॉईल घ्या, किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्याला चार पाच वेढे घट्ट गुंडाळा, फक्त पातं बाहेर ठेवा आणि गाडी चालू करून बघा. इमोबिलायझर जागेवर असेल तर इंजिन धरणार नाही, धरलं तरी लगेच बंद पडेल, लाईट लुकलुकेल. इंजिन सरळ चालत राहिलं तर फॉईल कुठं सैल आहे काय बघून परत एकदा करा, तरी चालत राहिलं तर ऑफ केलेलं समजा. आधीच्या मालकाला मूळ फाईल विचारा, असली तर ती परत घालून काम होतंय. नसली तर ईसीएम कोरं करून किल्ल्या नव्यानं शिकवायला लागतील, त्याला सर्व्हिस सेंटर किंवा बेंच, म्हणजे ईसीएम काढून टेबलावर काम करायची सोय, असलेला माणूसच पाहिजे, रस्त्यावर उभं राहून करू देऊ नका. काय निघतंय ते इथं लिहा, मॉडेल आणि वर्ष सांगा, मग पुढचं बघू.